पहिल्या बाराला थवा उठतो, आपण घरी गेलो की परत येतो: हिवाळी ओएसआरवरच्या वुडपिजनचं करायचं काय?

तक्रार दरवर्षी तीच असते. जानेवारी महिना, इंग्लंडमधलं लिंकनशर असो की हॅम्पशर, ऑइलसीड रेपचं, म्हणजेच ओएसआरचं, चाळीस-पन्नास एकरांचं शेत आणि त्यावर पाच-सातशे वुडपिजन निवांत चरताहेत. तुम्ही शेतकऱ्याची परवानगी घेऊन जाता, जाळीचं लपण उभं करता, डिकॉय म्हणजे थव्याला भुलवणारी नकली कबुतरं मांडता आणि पहिला बार काढता. अख्खा थवा उठतो, गावापलीकडे जातो आणि दुसऱ्याच कुणाच्या ओएसआरवर बसतो. पुढचे तीन तास तुम्ही आणि तुमची प्लॅस्टिकची कबुतरं. संध्याकाळी दोन-चार पक्षी घेऊन परतता आणि सकाळी शेतकऱ्याचा फोन येतो, आलेत परत, कालच्यापेक्षा जास्तच दिसताहेत.

बहुतेक जण याचं खापर डिकॉयवर नाहीतर स्वतःच्या नेमावर फोडतात आणि नवीन काहीतरी विकत घेतात. माझ्या मते दुखणं वेगळंच आहे. हिवाळ्यात कबुतरापुढे बसायला आणि खायला जागा फार असतात. त्या जागा कमी केल्याशिवाय कुठलाच डिकॉय चालत नाही, आणि केल्या तर अगदी साधे डिकॉयही चालतात.

हे सगळं ब्रिटनमधल्या, त्यातही इंग्लंडमधल्या परिस्थितीपुरतं आहे. इथे राहणाऱ्या, शॉटगन सर्टिफिकेट असलेल्या आणि एखाद्या शेतावर परवानगी मिळालेल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आहे. तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर यातलं काहीही करून बघायचं नाही.

आधी पक्षी आणि पीक

वुडपिजन म्हणजे आपल्या गच्चीवरचा पारवा नव्हे. अंगानं थोराड, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, मोठ्या पक्ष्याच्या मानेवर पांढरा डाग आणि उडताना पंखावर ठळक पांढरा पट्टा. ब्रिटनमध्ये याच्या पन्नास लाखांच्या आसपास जोड्या आहेत.

ओएसआर हे मोहरीच्या कुळातलं तेलबी. ऑगस्टमध्ये, फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरतात. सगळा हिवाळा ते जमिनीलगत पानं पसरून बसून काढतं, एप्रिल-मेमध्ये पिवळंधमक फुलतं आणि जुलैत कापणीला येतं. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, जेव्हा बाकी रानात खाण्यासारखं फारसं काही उरत नाही, तेव्हा हे एकच पीक हिरवंगार आणि उघड्यावर. कबुतराला आणखी काय हवं?

पूर्वी असं नव्हतं. १९५० आणि ६० च्या दशकांत पक्षी-अभ्यासक आर. के. मर्टन यांनी केंब्रिजशरमधल्या कार्लटन गावच्या शेतांवर वुडपिजनचा अभ्यास केला. तेव्हा हिवाळ्यातलं मुख्य खाणं म्हणजे क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीची पानं, आणि ती मर्यादित होती. मर्टन यांना दिसलं ते असं, की हिवाळ्यात कितीही पक्षी मारले तरी वसंतात उरणारी संख्या जवळजवळ तितकीच राहते. मारलेल्यांच्या वाटणीचं क्लोव्हर उरलेल्यांना मिळतं, एवढाच फरक. त्या काळात वुडपिजन मारण्यासाठी काडतुसांवर चक्क सरकारी सवलत होती. या अभ्यासानंतर तिचा पायाच ढासळला. मग १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेलं, तेलबियांना आधार मिळाला, ओएसआर सगळीकडे पसरलं आणि कबुतरांची हिवाळ्यातली उपासमारच संपली.

पुढचा टप्पा अलीकडचा. २०१३ च्या अखेरीस या पिकाच्या बियाण्यावरच्या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांवर युरोपात बंदी आली. त्यानंतर पिसू भुंगेऱ्यांनी, इथले शेतकरी ज्याला फ्ली बीटल म्हणतात त्यांनी, कोवळी रोपं फस्त करायला सुरुवात केली. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये साडेसात लाख हेक्टरांच्या आसपास ओएसआर होतं, ते २०२१ मध्ये तीन लाखांच्या जवळ आलं. कबुतरं काही त्या प्रमाणात घटली नाहीत. म्हणजे ज्याच्या शेतात ओएसआर आहे त्याच्यावर पूर्वीपेक्षा जास्त तोंडं. आणि भुंगेऱ्यानं जिथे रोपं विरळ केली नेमकी तिथेच कबुतरं उतरतात. दाट पानोळ्यात उतरायला त्यांना आवडत नाही. उघडी माती दिसली, चहूकडे नजर ठेवता आली की ती निर्धास्त होतात. एका किडीनं पाडलेलं खिंडार दुसरा पाहुणा मोठं करतो.

यातून एक गोष्ट मनाशी पक्की करून टाकावी. बंदूक घेऊन तुम्ही वुडपिजनची संख्या कमी करणार नाही. हे काम म्हणजे ज्वारीच्या माळ्यावरची राखण आहे. गोफण घेऊन उभा असलेला माणूस किती पाखरं पडली ते मोजत नाही, कणीस शाबूत राहिलं का ते बघतो.

तक्रार पहिली: एका बारात रान रिकामं

उन्हाळ्यात पडलेल्या बार्लीवर किंवा कापणीनंतरच्या धसकटांवर डिकॉय किती सहज चालतात ते आठवा. तिथे दाणा एका ठरावीक पट्ट्यात असतो, पक्षी एकटेदुकटे, दोन-तीनच्या गटानं दिवसभर येत राहतात. एक पडला, दोन पळाले, तरी पाचव्या मिनिटाला तिसरे येतात, कारण त्यांना आधी काय झालं ते ठाऊकच नसतं.

हिवाळ्यात याच्या उलट. खाणं शेतभर सारखं पसरलेलं, पक्षी शेकड्यांच्या थव्यात, आणि इतक्या डोळ्यांतला एक जरी बिचकला तरी सगळे उठतात. बार झाला की जे घडलं ते एकदम सगळ्यांना कळतं. वर दोन मैलांवर तसंच दुसरं शेत तयार आहे. मग ती तुमच्या लपणासमोर कशाला येतील?

म्हणून पहिला नियम असा की मोठ्या थव्यावर बार काढायचाच नाही. शेतावर पोचलात आणि पाचशे कबुतरं बसलेली असतील तर बंदूक गाडीतच राहू द्या. शेताच्या कडेनं चालत जा, त्यांना आपणहून उठू द्या. भुकेली असतात, परत येतात. पण परत येताना थवा फुटलेला असतो. दहा, वीस, पाच, एक अशी येतात. या येण्यावर तुमचा दिवस उभा राहतो. लपण आणि डिकॉय यांची मांडामांड या मधल्या वेळात उरकायची. नंतरही शंभर-दीडशेचा घोळका डोक्यावरून आला तर सोडून द्या. हात शिवशिवतात, मान्य. पण त्या घोळक्यातून दोन पक्षी पाडण्यापायी बाकीच्यांना दिवसभरासाठी पळवून लावणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. ज्या शेतावर ती पळतात तिथेही त्या दिवशी कुणीतरी असलं पाहिजे. तिथे नेमबाजच हवा असं नाही. शेतकऱ्याचा मुलगा क्वाड बाइकवरून तासातासानं फेरी मारत असेल, गॅस गन (पाखरं हाकलायला ठरावीक वेळानं नुसता बाराचा आवाज काढणारं यंत्र) लावली असेल, तरी पुरतं. उद्देश इतकाच की कबुतराला स्वस्थ बसायला दुसरी जागा मिळू नये. चार-पाच शेतांवर एकाच दिवशी माणसं असतील तर पक्षी दिवसभर हलते राहतात आणि प्रत्येकाला थोडं थोडं काम मिळतं. एकट्यानं आठवड्यातून तीनदा जाण्यापेक्षा पाच जणांनी एकदाच मिळून जावं. इंग्लंडमध्ये फेब्रुवारीतल्या शनिवारी संध्याकाळी रातथाऱ्यांवर, म्हणजे कबुतरं रात्री जिथे बसतात त्या रायांत, सगळ्यांनी एकाच वेळी उभं राहायची जुनी पद्धत आहे. १ फेब्रुवारीला फेझंट या शिकारीच्या पक्ष्याचा हंगाम संपतो, मग गेमकीपर, म्हणजे ते पक्षी सांभाळणारे रखवालदार, आपल्या राया उघडतात. दुपारी दोननंतर, वाऱ्याच्या दिवशी, रायांच्या आडोशाच्या बाजूला कबुतरं परतू लागतात. एकाच रायीत बार झाले तर ती शेजारच्या रायीत जातात. सगळ्याच रायांत माणसं असतील तर फिरत राहतात. तत्त्व तेच.

तिसरं, हवा. स्वच्छ, निवांत, कडाक्याच्या थंडीचा दिवस फोटोसाठी उत्तम आणि या कामासाठी निरुपयोगी. आवाज लांबवर जातो, पक्षी उंचावरून उडतात, सगळं स्पष्ट दिसतं. ढगाळ आणि बऱ्यापैकी वारा असलेला दिवस निवडा. वाऱ्यात ती खालून उडतात, बाराचा आवाज विरतो, आणि मुख्य म्हणजे वाऱ्याला तोंड करून उतरावं लागत असल्यामुळे येण्याची दिशा आधीच कळते.

तक्रार दुसरी: उतरतात, पण दीडशे यार्डांवर

लपण चुकीच्या जागी आहे, याशिवाय दुसरं कारण शोधू नका. बहुतेकांची लपणं गाडी जिथवर जाते तिथल्या फाटकाजवळ असतात. कबुतरांना तुमच्या फाटकाशी देणंघेणं नाही.

आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन तासभर गाडीतच बसा. ओएसआरवर नुसत्या थव्याकडे बघून उपयोग नाही, कारण थवा शेतभर सरकत असतो. बघायचं ते हे की पक्षी शेतावर कुठून येतात आणि उठल्यावर कुठे जातात. ती रस्ता पाळतात. झुडपी कुंपणाची रांग, ओढ्याकाठची झाडं, विजेच्या तारा, दोन टेकाडांमधली खोलगट जागा यांच्यावरून वाट ठरलेली असते. शेतावर उतरण्याआधी थांबायला त्यांची आवडती झाडंही असतात. उघडे अॅश, ओक, पॉप्लर, ज्यांच्या शेंड्यावर वीस-तीस पक्षी छाती फुगवून बसलेले दिसतात. ती वाट आणि ती झाडं नकाशावर मांडा. लपणाची जागा त्यातून निघते.

मग शेतात उतरून पानं बघा. ताजा उपद्रव ओळखायला सोपा आहे. पानाचा मऊ भाग ओरबाडून गेलेला, मधली जाड पांढुरकी शीर तेवढी काडीसारखी उभी, कडा फाटक्या, ओल्या. बाजूला विष्ठा आणि एखाद-दुसरं करडं पीस. कडा वाळून तपकिरी झाल्या असतील तर ते काम आठवड्यापूर्वीचं, तिथे लपण बांधू नका. पानाऐवजी मधला कोंबच खुडलेला दिसला तर मात्र शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगा, कारण खरं नुकसान तिथून सुरू होतं. पानं गेली तर रोप नवी काढतं. कोंब गेला तर फुलोरा उशिरा आणि पुढेमागे येतो, शेंगा एकसारख्या पिकत नाहीत, कापणीचा दिवस ठरवताना डोक्याला ताप होतो.

लपण वाऱ्याला पाठ करून, म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून शेताकडे वाहील असं. मग पक्षी समोरून, तुमच्याकडे तोंड करून उतरायला येतात. वाऱ्याची दिशा आणि उडण्याची वाट दोन्ही एका जागी जुळत नसतील तर मी वाट धरतो, वाऱ्याशी तडजोड करतो. आडव्या वाऱ्यात काम होतं, पण वाटेपासून दोनशे यार्ड लांब बसलात तर वारा कितीही चांगला असो, नुसतं दर्शन घडतं.

आणि जाळी! उन्हाळ्यातली हिरवी जाळी जानेवारीतल्या करड्या, पानं झडलेल्या कुंपणापुढे पोस्टरसारखी दिसते. वाळक्या गवताच्या रंगाची घ्या, खाली खरं वाळकं गवत आणि काटक्या खोवा. पाठीमागे काहीतरी दाट हवं, नाहीतर आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची हालचाल दिसते. चेहरा आणि हात झाका. गोरे असोत की सावळे, कपाळ आणि तळवे चमकतातच.

तक्रार तिसरी: डिकॉयवर येतात आणि ऐन वेळी वळतात

पक्षी समोरून येतोय, पंख आवरतोय, आणि चाळीस यार्डांवर एकदम उजवीकडे वळून निघून जातो. एकानं असं केलं तर सोडून द्या. सगळेच करत असतील तर समोर काहीतरी खटकतंय.

हिवाळ्यात पहिला संशय चमकेवर. प्लॅस्टिकचा डिकॉय पावसानं भिजला, वर खाली उतरलेला सूर्य पडला की काचेसारखा चकाकतो. थंडीच्या सकाळी त्याच्या पाठीवर दव गोठून पांढरा थर बसतो. खऱ्या कबुतराच्या अंगात ऊब असते, त्याच्या पाठीवर असा थर दिसत नाही. लपणातून हे कळत नाही. उठून पक्षी येतो त्या बाजूला पन्नास पावलं जा आणि तिथून वळून बघा. मखमली लेपाचे डिकॉय यात बरे. त्याहून चांगले म्हणजे मारलेले पक्षी. पहिले काही हाती आले की प्लॅस्टिक काढत जा आणि ते मांडत जा. पडलेला पक्षी पोट वर करून पडला असेल तर लगेच उचला, ते फिकं पोट वरून लांबवर दिसतं. रिकामी काडतुसंही.

दुसरा संशय गरगरणाऱ्या यंत्रावर. मोटरवर दोन दांडे, टोकांना दोन कबुतरं, गोल फिरतात. इथे त्याला व्हर्ली म्हणतात. उन्हाळ्यात जादू करतं. पण फेब्रुवारीपर्यंत त्या भागातल्या प्रत्येक कबुतरानं एखादं व्हर्ली आणि त्यासोबतचा बार पाहिलेला असतो. पक्षी वळत असतील तर सगळ्यात आधी ते बंद करा, अर्धा तास थांबा. लवचीक काठीवर पंख पसरून वाऱ्यावर डुलणारा एखादा पक्षी पुरे होतो, आणि तोही उतरण्याच्या जागेच्या मध्ये नको, कडेला हवा.

संख्येबाबत माझं मत इतरांपेक्षा वेगळं असू शकेल. बार्लीवर दहा-बारा डिकॉयवर भागतं. हिवाळी ओएसआरवर, जिथे खरा थवा शेकड्यांचा असतो, तिथे दहा-बारा म्हणजे संशयास्पद एकाकी टोळकं. चाळीस-पन्नास मांडता आले तर मांडा. वाहून नेण्याचा त्रास आहे, म्हणून हलक्या कवचाचे घ्या. एकमेकांपासून दोन-तीन पावलांवर, तोंडं साधारण वाऱ्याकडे पण सगळी एका रेषेत नाहीत, घोड्याच्या नालाच्या आकारात, आणि नालाची उघडी बाजू ज्या दिशेनं पक्षी येतील तिकडे. मधली मोकळी जागा लपणापासून वीस-पंचवीस यार्डांवर, कारण पक्षी तिथे उतरायला बघणार. सगळ्यात लांबचा डिकॉय मोजून पस्तीस पावलांवर ठेवा. त्याच्या पलीकडे बार नाही, हे ठरवून टाका.

तक्रार चौथी: लागतं पण पडत नाही, पडतं पण सापडत नाही

पहिल्या अर्ध्याचं उत्तर वरच्या पस्तीस पावलांत आहे. बाराबोअर, २८ ते ३० ग्रॅमचं काडतूस, सहा नंबरचे छर्रे, यानं तेवढ्या अंतरात काम स्वच्छ होतं. अंतर वाढवून मोठं काडतूस घालणं म्हणजे जखमी पक्षी वाढवणं. छऱ्यातलं शिसं हद्दपार करण्याकडे ब्रिटनची वाटचाल सुरू आहे, तेव्हा पोलादी छऱ्यांची सवय आताच केलेली बरी. पोलाद हलकं, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा, म्हणजे सहाऐवजी चार (आकडा लहान तितका छर्रा मोठा). आधी तुमची बंदूक पोलादाला चालते का ते बंदूकवाल्याकडून तपासून घ्या. जुन्या इंग्लिश बंदुकीत हा प्रयोग नको.

सापडत नाही हे ओएसआरचं खास दुखणं. करडा पक्षी निळसर-हिरव्या पानांत पडला की पाच पावलांवरूनही दिसत नाही. पडल्यावर त्याच्या सरळ मागची खूण, एखादं झाड, खांब, लक्षात ठेवा आणि लगेच जाऊन आणा. पुढच्या पक्ष्याचा मोह आवरा. सोबत कुत्रा असेल तर निम्मं काम त्याचं. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कुत्रा पिकातून सैरावैरा पळवू नका, हेही आलंच.

मारलेला पक्षी वाया घालवायचा नाही. छातीचं मांस गडद, बिनचरबीचं असतं. जास्त शिजवलं की चामडं होतं. आमच्याकडे पातळ काप करून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शेवटी घालून पाच मिनिटांत उतरवतात. छर्रे काढून घ्या, नाहीतर दाताच्या डॉक्टरकडे जावं लागेल. साफ करताना गळ्याखालची अन्नपिशवी एकदा उघडून बघा. हिवाळ्यात ती ओल्या हिरव्या पानांच्या तुकड्यांनी ठासून भरलेली सापडते, विशेषतः संध्याकाळच्या पक्ष्यात. पानात कस कमी, डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा, म्हणून ते जवळजवळ सगळा दिवस खातं आणि रात्रीची शिदोरी भरून घेऊन झोपायला जातं. याच पिशवीत पानांऐवजी ओकची फळं किंवा आयव्हीची बोंडं सापडत असतील, तर अजून रानात खाणं शिल्लक आहे, ओएसआरवरचा खरा मारा पुढे यायचाय. शेतकऱ्याला सांगायला ही बातमी पक्ष्यांच्या संख्येपेक्षा जास्त उपयोगी असते.

परवान्याचा घोळ

वुडपिजनला मारायला परवाना लागत नाही असं अजूनही काही जण सांगतात. लागतो. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टनुसार इथे सगळे रानपक्षी संरक्षित आहेत, वुडपिजनसुद्धा. इंग्लंडमध्ये पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी डेफ्राचा, म्हणजे पर्यावरण आणि शेतीच्या सरकारी खात्याचा, जीएल४२ हा सामान्य परवाना आहे. त्याला अर्ज करावा लागत नाही, पण अटी वाचाव्या लागतात, आणि इथेच लोक फसतात. एप्रिल २०१९ मध्ये वाइल्ड जस्टिस या संस्थेनं कायदेशीर आव्हान दिल्यावर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेनं त्या वेळचे परवाने काही दिवसांच्या अवधीत मागे घेतले, तेव्हा ऐन पेरणीत शेतकऱ्यांची तारांबळ उडाली होती. तेव्हापासून कुणी विचारलं तर दाखवता येईल असं काहीतरी हाताशी ठेवणं शहाणपणाचं झालं आहे. शेतमालकाची परवानगी, आणि बिनमाऱ्याचे उपाय आधी करून पाहिले व चालू आहेत याची नोंद. गॅस गन कधी लावली, कधी हलवली, पानांचे फोटो, तारखा. वहीचं एक पान पुरतं. मजा म्हणून कबुतरं मारायला हा परवाना नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे परवाने वेगळे आहेत, सीमेजवळ राहत असाल तर ते वाचा.

दुसरं, स्टॉक डव्ह. ओएसआरवर वुडपिजनच्या थव्यात हे मिसळून चरतात आणि ते या परवान्यात नाहीत. आकारानं लहान, मानेवर आणि पंखावर पांढरं काहीही नाही, पंखांची फडफड जास्त घाईची. वुडपिजनच्या पिल्लाच्या मानेवरही पांढरा डाग नसतो, म्हणून मानेवर विसंबू नका, पंखाचा पांढरा पट्टा बघा. तो दिसला नाही तर बोट ट्रिगरवरून काढा.

बंदूक नसलेल्या दिवसांचं काय

आठवड्यातले सहा दिवस तुम्ही तिथे नसणार. त्या दिवसांत गॅस गन, पतंग, फुगणारे बुजगावणे यांचा भरवसा. सगळ्यांचा दोष एकच, एका जागी राहिले की कबुतरं त्यांना ओळखू लागतात. चौथ्या दिवशी गॅस गनच्या चाकाशेजारीच पक्षी चरताना दिसतो. दोन-तीन दिवसांनी हलवा, दोन वेगळ्या गोष्टी आलटूनपालटून लावा. तुमच्या बंदुकीचा खरा उपयोग इथे आहे. जिथे बार झाला आणि पक्षी पडला, तिथे पुढचे काही दिवस गॅस गनच्या आवाजालाही वजन राहतं. गॅस गन रात्री आणि भल्या पहाटे नको; शेजाऱ्यांच्या तक्रारी कबुतरांपेक्षा चिवट असतात.

पिकाच्या बाजूनंही करण्यासारखं आहे, पण ते ऑगस्टमध्ये. धसकटं उंच ठेवून त्यांतच पेरलं तर कबुतरांना उतरायला नको वाटतं. वेळेवर पेरून रोप हिवाळ्याआधी भरलं तर जमीन झाकली जाते. जानेवारीत तुमच्या हाती उरतं ते इतकंच की शेताचे भाग पाडायचे. दाट, जोमदार भाग कबुतरांना खाऊ द्या, तिथून हाकलू नका. ओएसआर पानांचं नुकसान आश्चर्य वाटावं इतकं भरून काढतं. विरळ, मागे पडलेले तुकडे मात्र जिवापाड राखा. सगळं शेत राखायला गेलात तर कबुतरं तुमच्या उरलेल्या वेळात नेमक्या त्या विरळ तुकड्यावरच बसतील. त्यांना दुसरी जागा द्यायचीच असेल तर ती तुम्ही निवडलेली असू द्या.

जोर कधी लावायचा? ओकची फळं संपल्यावर, म्हणजे साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. बर्फ पडलं तर त्या दिवसांत सुट्टी काढूनही जा, कारण पांढऱ्या रानात वर डोकावणारी ओएसआरची पानं हे एकच हिरवं असतं आणि मैलोन्‌मैलांवरून पक्षी त्यावर येतात. मार्चमध्ये दांडा वर सुटला, पीक गुडघ्याला आलं की कबुतरांना आत उतरता येत नाही. तेव्हा डिकॉय धुऊन पिशवीत भरा. नव्यानं पेरलेल्या वाटाण्यावर ती एप्रिलच्या आत पोचलेली असतील, आणि वाटाण्यावर मांडणी वेगळी लागते.